ऑर्किडची कुंडी बदलताना: आधी मुळं पाहा, मग आपली हवा

ऑर्किडची पानं मऊ पडून सुरकुतली की हात आपोआप झारीकडे जातो. माझाही गेला होता. माझं पहिलं फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड दीड-दोन महिने छान फुललेलं होतं. मग फुलं गळली आणि पानं ओल्या कापडासारखी लोंबू लागली. तहान लागली असेल म्हणून मी रोज पाणी घालत गेले. तीन आठवड्यांनी कुंडी उलटी केली, तर आत मुळं जवळजवळ उरलीच नव्हती. काळपट लगदा होता आणि त्याच्या मधोमध, रोप लहान असताना मुळांभोवती बांधलेला शेवाळाचा घट्ट गोळा तसाच ओला होता. पाणी ओढायला मुळंच नसल्यामुळे ते झाड ओल्या कुंडीत तहानेनं मरत होतं.

पाणी कमी पडलं तरी पानं सुरकुततात आणि जास्त झालं तरी सुरकुततातच. खरं कारण कुंडीच्या आत असतं. म्हणून या लेखात फुलांपेक्षा मुळांबद्दल बरंच जास्त लिहिलं आहे.

मुळांना हवा का लागते

फॅलेनॉप्सिस, कॅटलिया, व्हँडा, ऑन्सिडियम आणि बहुतेक डेंड्रोबियम ही मूळची झाडांच्या फांद्यांवर वाढणारी ऑर्किडं. ती बांडगुळं नव्हेत. ज्या झाडावर बसतात त्याचा रस ती ओढत नाहीत, फक्त आधार घेतात. पाऊस येतो तेव्हा मुळं चिंब भिजतात आणि पाऊस थांबून वारा सुटला की काही तासांत सुकतात. हे चक्र त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. मुळाभोवती वेलामेन नावाचा, पोकळ मृत पेशींचा स्पंजासारखा थर असतो. तो पाणी झटकन शोषून घेतो आणि सावकाश आतल्या जिवंत गाभ्याला देतो. कोरडं असताना मूळ रुपेरी-पांढरं दिसतं. भिजलं की तो थर पारदर्शक होतो आणि आतला हिरवा रंग वर येतो. पारदर्शक कुंडीत ऑर्किड लावायचा मोठा फायदा हाच, की पाणी कधी घालायचं ते मूळ स्वतः रंगातून सांगतं.

आता हेच मूळ कुंडीत विचारात घ्या. आपण ज्यात ऑर्किड लावतो ते माध्यम, म्हणजे झाडाची साल, स्फॅग्नम शेवाळ, नारळाच्या सोडणाचे तुकडे, हे सगळं हळूहळू कुजतं. कुजताना त्याचा भुगा होतो, तो तुकड्यांमधल्या फटींत बसतो आणि जिथे हवा खेळत होती तिथे ओलावा साचून राहतो. मुळं गुदमरतात आणि गुदमरलेल्या मुळांवर मग बुरशी बसते. म्हणजे रिपॉटिंगचा, कुंडी बदलण्याचा, खरा हेतू मुळांना पुन्हा हवा मिळवून देणं हा आहे. कुंडी मोठी करण्याची गरज बऱ्याचदा नसतेच. अनेकदा मी त्याच मापाच्या कुंडीत झाड परत लावते, आणि मुळं गेलेली असतील तर त्याहून लहान कुंडीत.

कुंडी केव्हा बदलायची

साधा हिशेब असा: शेवाळातलं झाड एक ते दीड वर्षानं, सालीतलं दीड ते दोन वर्षांनी. उष्ण आणि दमट हवेत साल लवकर कुजते, थंड किंवा कोरड्या हवेत जास्त टिकते. पण वर्षांपेक्षा माध्यमाचाच अंदाज घ्यावा. सालीचा एक तुकडा काढून बोटांत दाबा. तो कडक असेल तर थांबायला हरकत नाही. चुरला, चिखलासारखा झाला किंवा कुबट वास आला तर वेळ आली. पाणी घातल्यावर ते वरच्यावर थबकून राहत असेल, किंवा कुंडीच्या काठावर पांढरे क्षार जमले असतील, तरी तेच समजावं.

कुंडीबाहेर लोंबणारी मुळं पाहून मात्र घाबरू नये. फॅलेनॉप्सिसची मुळं बाहेर हिंडणारच, तो त्यांचा स्वभाव आहे.

वेळ निवडताना एकच गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: नवी मुळं निघत असताना कुंडी बदला. तुटलेल्या मुळांची जागा नवी मुळं घेतात आणि झाड काही आठवड्यांत स्थिरावतं. ही वेळ ओळखायला झाड कसं वाढतं ते माहीत हवं.

काही ऑर्किडं एकाच दांड्यावर सरळ वर वाढत जातात. फॅलेनॉप्सिस आणि व्हँडा या गटात येतात. त्यांची नवी मुळं पानांच्या तळातून फुटतात, टोकं हिरवी किंवा तांबूस आणि चमकदार असतात. फॅलेनॉप्सिसची कुंडी फुलं संपल्यावर, ऊब वाढत असताना आणि अशी टोकं दिसत असताना बदलावी.

बाकीची आडवी सरकत वाढतात. कॅटलिया, डेंड्रोबियम, ऑन्सिडियम, सिंबिडियम यांच्यात जमिनीलगत राइझोम, म्हणजे आडवं खोड, असतो, त्यावर दरवर्षी नवा कोंब येतो आणि त्याचा स्यूडोबल्ब, म्हणजे कंदासारखा फुगीर दांडा, होतो. कॅटलियाच्या बाबतीत वेळेचं भान सगळ्यांत जास्त ठेवावं लागतं. नव्या कोंबाच्या तळाशी मुळांचे बारीक फुगवटे दिसले, मुळं अर्धा सेंटिमीटरच्या आत आहेत, तोच मुहूर्त. मुळं चार-पाच सेंटिमीटर झाली की हाताळताना हमखास मोडतात. त्यापेक्षा मग ती आणखी वाढून फांद्या फुटेपर्यंत थांबलेलं बरं. प्रत्येक बल्बवर दोन किंवा अधिक पानं येणाऱ्या कॅटलिया तर भलत्या वेळी हलवल्या की वर्षभर रुसून बसतात. काही उठतच नाहीत.

पॅफिओपेडिलम, म्हणजे चपलेच्या आकाराच्या फुलाचं ऑर्किड, त्या मानानं सोपं. त्याला दरवर्षी ताजं माध्यम मिळालं तर ते खूश असतं. सिंबिडियमची कुंडी फुलं संपल्या संपल्या बदलावी आणि दोन-तीन वर्षं पुन्हा हात लावू नये.

एक अपवाद. मुळं सडत आहेत अशी खात्री झाली, तर मुहूर्त पाहू नका. झाड फुलात असलं तरी फुलदांडा कापून फुलदाणीत ठेवा आणि झाड त्याच दिवशी बाहेर काढा.

नवं आणलेलं झाड फुलात असेल तर फुलं संपेपर्यंत त्याला राहू द्यावं. फक्त बोट घालून मध्यभागी शेवाळाचा किंवा स्पंजाचा गोळा आहे का ते पाहून ठेवा. असेल तर पाणी अगदी जपून घाला आणि पहिल्या रिपॉटिंगमध्ये तो काढून टाका.

माध्यम आपल्या हवेप्रमाणे निवडा

एखाद्याचं ऑर्किड शेवाळात उत्तम वाढतं आणि तेच शेवाळ दुसऱ्याकडे मुळं कुजवतं. दोघांचीही निगा चांगली असते, हवा वेगळी असते. पाणी घातल्यावर कुंडी किती दिवसांत कोरडी होते, यावर सगळं अवलंबून आहे. फॅलेनॉप्सिससारख्या झाडासाठी हा काळ साधारण चार ते सात दिवसांचा असावा. दहा-बारा दिवसांनंतरही कुंडी आतून ओली राहत असेल तर माध्यम तुमच्या हवेसाठी जड आहे. दीड-दोन दिवसांत खडखडीत होत असेल तर फार हलकं आहे.

पाइनची साल हा सगळ्यांत भरवशाचा पाया. फॅलेनॉप्सिस आणि मोठ्या कॅटलियासाठी दीड ते दोन सेंटिमीटरचे तुकडे, बारीक मुळांच्या ऑन्सिडियम आणि पॅफिओपेडिलमसाठी साधारण एक सेंटिमीटरचे किंवा त्याहून लहान. नवी साल पाणी झिडकारते, म्हणून ती रात्रभर भिजवून वापरावी. लाकडी कोळसा कुजत नाही आणि मिश्रण मोकळं ठेवतो. त्यावर मात्र खताचे क्षार साचतात, तेव्हा तो थोडाच घालावा. नारळाच्या सोडणाचे तुकडे सालीपेक्षा जास्त पाणी धरतात. पण त्यांत मीठ असतं. चोवीस तास भिजवा, पाणी ओता, पुन्हा भिजवा, असं किमान तीनदा केल्याशिवाय ते मुळांजवळ नेऊ नका. हा टप्पा टाळल्यामुळे मुळांची टोकं काळी पडलेली झाडं मी पाहिली आहेत. स्फॅग्नम शेवाळ आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतं, म्हणून ते सैल भरावं. दाबून भरलं की त्याचा ओला बोळा होतो. परलाइट आणि प्युमिस हे हलके, सच्छिद्र खडे हवा वाढवायला चांगले. परलाइट ओला करूनच हाताळा, त्याची धूळ छातीत जाऊ देऊ नका.

बागेची माती कुठल्याच प्रमाणात नको. सिंबिडियम आणि पॅफिओपेडिलम निसर्गात बऱ्याचदा जमिनीवर वाढतात, पण तिथेही त्यांची मुळं पालापाचोळ्यात आणि दगडांच्या फटींत असतात. चिकट मातीत ती टिकत नाहीत.

कुंडीचंही तसंच. मातीची कुंडी बाजूंनी पाणी सोडते, म्हणून दमट हवेत आणि पाणी जास्त घालणाऱ्या हातांत ती झाड वाचवते. प्लास्टिकची कुंडी ओल धरते, ती कोरड्या हवेसाठी. लाकडी पट्ट्यांची किंवा जाळीची टोपली व्हँडासाठी, आणि तीत बहुतेकदा माध्यम लागतच नाही.

आता प्रत्यक्ष काम

आदल्या दिवशी झाडाला भरपूर पाणी द्या. भिजलेली मुळं लवचीक होतात, कोरडी मुळं काडीसारखी मोडतात.

हत्यारांची तयारी घाईत उरकू नका. सिंबिडियम मोझॅक आणि ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट हे ऑर्किडचे दोन विषाणू कात्रीच्या पात्यावरून, रसातून, एका झाडातून दुसऱ्यात जातात आणि त्यांवर इलाज नाही. लागण झालेलं झाड वर्षानुवर्षं ठणठणीत दिसू शकतं, म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवून चालत नाही. अल्कोहोलनं पुसणं विषाणूंसाठी भरवशाचं नाही. कात्रीचं पातं ज्योतीवर चांगलं तापवा आणि थंड होऊ द्या, किंवा प्रत्येक झाडाला नवं ब्लेड घ्या. दोन झाडांच्या मध्ये हातमोजे बदला. जुनी कुंडी वापरायची असेल तर घासून धुवा, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात अर्धा तास बुडवा, मग स्वच्छ धुऊन वाळवा.

झाड काढताना पानं धरून ओढू नका. प्लास्टिकची कुंडी बाजूंनी दाबत फिरवा, झाड सैल होतं. मातीच्या कुंडीला मुळं चिकटलेली असतील तर कुंडीच्या कडेनं पातळ बोथट सुरी फिरवा. मुळं तोडण्यापेक्षा कुंडी फोडलेली परवडते.

मग कोमट पाण्याच्या हलक्या धारेखाली मुळांमधलं जुनं माध्यम सोडवा. मुळांना घट्ट चिकटलेला सालीचा एखादा तुकडा राहिला तर राहू द्या. मध्यभागातला शेवाळाचा गोळा मात्र चिमटीनं थोडा थोडा करून पूर्ण काढा. या कामाला वीस मिनिटं लागली तरी लागू द्या, सगळ्या रिपॉटिंगमध्ये हाच वेळ सर्वांत जास्त कामी येतो.

आता मुळांची पारख. प्रत्येक मूळ बोटांत हलकेच दाबा. टणक असेल तर जिवंत आहे, मग रंग पांढरा, हिरवा, पिवळट किंवा तपकिरी कसाही असो. कुंडीत आत राहिलेल्या मुळांना उजेड मिळत नाही, त्यामुळे ती फिकट पिवळी दिसतात. त्यांना कापू नका. दाबल्यावर मऊ लागलं, पाणी सुटलं, बाहेरचा थर मोज्यासारखा निघून आत नुसता धागा राहिला, तर ते मेलेलं. कोरडं, पोकळ, कागदी मूळही मेलेलंच. मेलेला भाग जिवंत भागापर्यंत कापा. अर्धं मूळ चांगलं असेल तर अर्धं ठेवा. लांब मुळं कुंडीत मावत नाहीत म्हणून चांगली मुळं छाटण्याची सवय मला पटत नाही. ओली करून हळूच गोल वळवली की ती मावतात.

कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावावी असं सगळीकडे सांगितलं जातं. राइझोमवरच्या किंवा पानावरच्या जखमेला ती चालते. मुळांना लावू नका. ती जागा सुकवते आणि जिवंत मूळही तिच्याबरोबर सुकतं. मुळांवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतणंही टाळा, त्याला सडका आणि धडका भाग वेगळा ओळखता येत नाही. मुळं कापल्यावर झाड काही तास सावलीत, हवेशीर जागी तसंच ठेवलं की जखमा आपोआप बंद होतात.

आडव्या वाढीच्या झाडाचे भाग करायचे असतील तर याच वेळी. प्रत्येक भागात किमान तीन-चार स्यूडोबल्ब आणि निदान एक तरी डोळा किंवा कोंब हवा. एक-दोन बल्बांचे तुकडे केले तर झाडांची संख्या वाढते आणि फुलं काही वर्षं लांबतात. मला मोठं, न तोडलेलं झाड जास्त आवडतं, एकाच कुंडीत चार-पाच दांडे एकदम फुलतात.

कुंडी मुळांच्या मापाची घ्या, पानांच्या नव्हे. फॅलेनॉप्सिसची मुळं कुंडीत बसून भोवती एक-दोन बोटं जागा उरली की पुरे. ते मधोमध लावावं. पानांचा तळ माध्यमाच्या पातळीला टेकलेला हवा, आत गाडलेला नको. कॅटलियासारख्या झाडाचं जुनं टोक कुंडीच्या काठाला टेकवा आणि नवा कोंब मोकळ्या बाजूला तोंड करून ठेवा. पुढे दोन वर्षांची वाढ मावेल एवढी जागा सोडा. राइझोम माध्यमावर बसलेला असावा, अर्धा उघडा दिसला तरी चालतो. पॅफिओपेडिलम मात्र एक-दीड सेंटिमीटर खोल लावावं, कारण त्याची नवी मुळं तळाच्या ओलाव्यातच फुटतात.

मुळांमध्ये माध्यम सोडत जा, कुंडीला बाजूनं टिचक्या मारा, काडीनं हलकेच ढोसून पोकळ्या भरा. साल घट्ट बसली पाहिजे, शेवाळ सैल. झाड पक्कं बसलं का ते पाहायला झाडाला धरून कुंडी किंचित उचला. झाड डुगडुगत असेल तर त्याला काठीचा आधार बांधाच. हलणाऱ्या झाडाच्या नव्या मुळांची टोकं सालीवर घासून मरतात, आणि मग महिनोन्महिने वाढ का होत नाही ते कळत नाही.

शेवटी तारीख आणि माध्यम लिहिलेली चिठ्ठी कुंडीत खोचा. दोन वर्षांनी ती लागतेच.

पहिले काही आठवडे

बरीच मुळं कापली असतील तर तीन ते पाच दिवस माध्यमात पाणी घालू नका. मुळं शाबूत असतील तर दुसऱ्या दिवशी घातलं तरी चालतं. या काळात झाड नेहमीपेक्षा थोड्या कमी उजेडात ठेवा आणि आजूबाजूची हवा दमट ठेवा. खत नवी मुळं पुढे सरकताना दिसेपर्यंत नको. तळातलं एखादं पान पिवळं होऊन गळलं तर काळजी करू नका. ते स्वतःहून सुटेपर्यंत तसंच राहू द्या.

वेगवेगळ्या हवेतली निगा

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये जहाजं भरून ऑर्किडं आणली गेली. सगळी उष्ण जंगलातली, या समजुतीनं ती बंद, तापलेल्या, वाफेनं भरलेल्या काचघरांत ठेवली गेली आणि हजारोंनी मेली. त्यांतली कितीतरी डोंगरांवरच्या थंड, वाऱ्याच्या जागांतली होती. 1830 च्या दशकात इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थच्या बागेचे मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी काचघरांत हवा खेळती ठेवून आणि वेगवेगळ्या झाडांना वेगवेगळं तापमान देऊन ती वाढवून दाखवली. तेव्हापासून उष्ण, मध्यम आणि थंड हवेची ऑर्किडं असे तीन गट मानले जातात. उष्ण गटाला रात्रीही 18 अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा वर तापमान लागतं, मध्यम गटाला 13 ते 15, थंड गटाला 10 पर्यंत चालतं. झाड आणण्याआधी आपल्या खोलीतलं रात्रीचं तापमान आठवडाभर टिपून ठेवा. त्यानं पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

उष्ण आणि दमट हवा, दीर्घ पाऊस. व्हँडा, फॅलेनॉप्सिस आणि सदाहरित डेंड्रोबियमसाठी ही हवा जणू माहेर. इथली खरी अडचण ओल ही आहे. मोठ्या तुकड्यांची साल, कोळसा, भाजलेल्या विटेचे तुकडे आणि मातीची भोकांची कुंडी घ्या, शेवाळ टाळा. सततच्या पावसात झाडं छपराखाली घ्या. फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या मधल्या गाभ्यात पाणी साचून राहिलं की गाभा कुजतो आणि त्या दांड्याला वरून पुन्हा वाढ येत नाही. म्हणून साचलेलं पाणी कागदानं टिपून घ्या किंवा झाड थोडं तिरपं लावा. इथे पंखा मला खतापेक्षा महत्त्वाचा वाटतो. पानं हलकी डुलतील एवढा वारा दिवसरात्र असला तर पानांवरचे जिवाणूंचे पाणचट डाग खूप कमी होतात.

उष्ण आणि कोरडी हवा. इथे उलट करायचं. बारीक साल, नारळाच्या सोडणाचे धुतलेले तुकडे, वीस-तीस टक्के शेवाळ, प्लास्टिकची कुंडी. ती दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवली तर मधली हवा मुळांना तापण्यापासून वाचवते. खडे आणि पाण्याच्या ताटलीनं आर्द्रता थोडीशीच वाढते. पाच-सात झाडं जवळजवळ ठेवण्याचा उपयोग त्याहून जास्त होतो. आर्द्रता 50 ते 70 टक्के असावी. व्हँडाची उघडी मुळं सकाळी पूर्ण हिरवी होईपर्यंत भिजवा. एकदा पाणी मारून पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा मारा. पहिल्या पाण्यानं मूळ उघडतं आणि दुसऱ्यानं भरतं. कडक उन्हाच्या काळात 50 टक्क्यांचं शेडनेट कॅटलिया आणि व्हँडाला, 75 टक्क्यांचं फॅलेनॉप्सिसला. पान हाताला गरम लागलं तर सावली कमी पडते आहे.

एसी किंवा हीटरची खोली. तापमान ठीक असतं, हवा फार कोरडी असते. फॅलेनॉप्सिस आणि पॅफिओपेडिलम इथे निभावतात. थंड किंवा गरम झोत झाडावर थेट येता कामा नये, कळ्या पिवळ्या होऊन गळतात. पिकणारी फळं शेजारी असली तरी तसंच होतं, फळांतून निघणारा एथिलीन वायू कळ्या गाळतो.

उजेड ही घरातली दुसरी अडचण. आपल्या डोळ्यांना खोली लख्ख वाटते, झाडाला ती अंधारी असते. लक्स हे उजेडाचं माप, मोबाइलवरच्या लक्समापकानं त्याचा ढोबळ अंदाज येतो. फॅलेनॉप्सिसला 10,000 ते 15,000 लक्स, कॅटलियाला 20,000 ते 30,000, व्हँडाला त्याहून जास्त. नुसत्या नजरेनं पाहायचं तर पानांचा रंग बघा. गडद हिरवी, लांबुळकी, मऊ पानं म्हणजे उजेड कमी. पोपटी छटा म्हणजे बरोबर. पिवळट किंवा लालसर झाक म्हणजे फार झाला. खिडकी अपुरी असेल तर पांढऱ्या एलईडी दिव्याखाली दिवसाला 12 ते 14 तास ठेवा. रात्री मात्र अंधार हवाच. फॅलेनॉप्सिस, कॅटलिया, व्हँडा यांची पर्णरंध्रं रात्री उघडतात आणि कार्बन डायऑक्साइड ती तेव्हा घेतात.

थंड हवा. सिंबिडियम आणि नोबिल जातीच्या डेंड्रोबियमसाठी ही देणगी आहे. सिंबिडियमला फुलदांडा धरायला 10 ते 14 अंशांच्या रात्री लागतात, त्या मिळाल्या नाहीत तर फक्त पानांचं जंगल वाढतं. नोबिल डेंड्रोबियमला वाढ पूर्ण झाल्यावर थंडीत खत पूर्ण बंद करायचं आणि पाणी अगदी नावापुरतं द्यायचं. दया येऊन पाणी-खत चालू ठेवलं तर फुलांच्या डोळ्यांतून कीकी, म्हणजे पिल्लं, फुटतात. थंडीत माध्यम सावकाश वाळतं, म्हणून पाणी सकाळीच, कोमट, आणि दोन पाण्यांत अंतर जास्त.

फॅलेनॉप्सिसलाही थोडा गारवा हवा असतो. दिवसाचं तापमान काही आठवडे 25 अंशांच्या खाली राहिलं की ते फुलदांडा काढतं, सतत 28 च्या वर राहिलं तर नुसती पानं काढत राहतं. वर्षानुवर्षं न फुलणारं निरोगी फॅलेनॉप्सिस तुमच्याकडे असेल, तर पहिला संशय यावर घ्या.

पाणी आणि खत

पाणी घालताना घोट घोट देऊ नका. कुंडीतून वाहून जाईपर्यंत घाला, मग मुळं रुपेरी होईपर्यंत थांबा. कुंडी उचलून वजन पाहण्याची सवय लावा, दोन-तीन आठवड्यांत हाताला कळायला लागतं. पावसाचं पाणी उत्तम. क्षारांचं पाणी असेल तर आरओचं पाणी मिसळून वापरा.

खत कमी आणि नियमित. 20-20-20 (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश प्रत्येकी 20 टक्के) हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम घेतलं तर पाण्यात नायट्रोजन 100 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत 100 भाग, होतो, तेवढा भरपूर. वाढीच्या काळात तीन पाण्यांना खत आणि चौथ्याला नुसतं पाणी, साचलेले क्षार धुऊन काढायला. नायट्रोजन युरियाऐवजी नायट्रेटच्या रूपात असलेला बरा. युरियाचं रूपांतर करणारे जिवाणू मातीत मुबलक असतात, सालीच्या कुंडीत कमी.

किडींमध्ये पिठ्या ढेकूण आणि खवले कीड यांच्यासाठी पानांचे बेचके तपासा. रिपॉटिंगच्या वेळी मुळांतही पाहा, तिथे पिठ्या लपून बसतो.

मुळंच उरली नसतील तर

सगळी सडकी मुळं काढल्यावर एक-दोन बोटभर जिवंत मुळंही राहिली असतील तर झाड बहुधा वाचतं. फुलदांडा असेल तर कापून टाका. झाडाला उरलेली ताकद मुळांसाठी हवी. लहान कुंडीत किंवा पारदर्शक डब्यात पिळून काढलेल्या ओलसर शेवाळाचा सैल थर पसरा. झाडाचा तळ त्याच्या वर, न टेकता, ठेवा. भोवती पारदर्शक पिशवी सैल घाला आणि रोज काही मिनिटं ती उघडून हवा द्या. थेट ऊन नको, चांगला उजेड आणि 24 ते 28 अंशांची ऊब हवी. पानांवर अधूनमधून फवारा मारा, गाभा कोरडा ठेवा.

यानंतर काही आठवडे, कधी तीन-चार महिनेही, काहीच घडत नाही. झाड हलवून पाहू नका. पानांच्या तळाशी हिरवा टोकदार फुगवटा आला की तो मूळ आहे की नवं पान ते लगेच कळत नाही, आठवडाभर जाऊ द्या. मुळं चार-पाच सेंटिमीटर झाली की झाड साल आणि शेवाळाच्या मिश्रणात लावा, पिशवीचं तोंड दर दोन-तीन दिवसांनी थोडं जास्त उघडत न्या आणि मग खत पाव मात्रेनं सुरू करा. जुनी सुरकुतलेली पानं पुन्हा ताठ होतीलच असं नाही, त्यांच्याकडे पाहून निराश होऊ नका. यानंतर येणारं नवं पान पाहा. ते आधीच्या पानाएवढं लांब आलं की झाड सावरलं.